पैज लावण्याआधी पाढे म्हणा!

मित्रांनो, कुठल्याही कॉलेज फेस्टमध्ये व्हॅलोरंटची फायनल असली की कॉमन रूममध्ये दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला मोठ्या आवाजात, "कोण जिंकणार?" आणि दुसरा जरा हळू आवाजात, "भाव काय चाललाय?" पहिल्या प्रश्नावर पीएच.डी. केलेली मंडळी प्रत्येक वर्गात असतात. दुसऱ्याचा अर्थ मात्र विचारायला गेलं तर कोणी धड सांगत नाही. ज्याला समजत नाही तो लाजून गप्प बसतो आणि ज्याला समजल्यासारखं वाटतं तो थेट लिंक पाठवतो! म्हणून हा लेखप्रपंच. ई-स्पोर्ट्सवर पैज लावतात म्हणजे नक्की काय करतात, भाव वाचायचा कसा, शेवटी पैसा कोणाच्या खिशात जातो आणि कायदा काय म्हणतो, हे एकदा नीट बघूया. गणित लागेल, पण घाबरू नका, एम-थ्रीपेक्षा खूप सोपं आहे.

आधी खेळाबद्दल थोडं

ई-स्पोर्ट्स म्हणजे नुसतं गेम खेळणं नव्हे. नियम, पंच, संघ, वेळापत्रक आणि बक्षीस असलेली स्पर्धा म्हणजे ई-स्पोर्ट्स. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये पाच विरुद्ध पाच खेळतात. बीजीएमआयच्या स्पर्धेत चार-चार जणांचे सोळा संघ, म्हणजे ६४ खेळाडू एकाच वेळी मैदानात उतरतात. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत हा प्रकार प्रात्यक्षिक म्हणून होता आणि तिथे तीर्थ मेहताने हर्थस्टोनमध्ये ब्राँझ मिळवलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला अधिकृत मान्यता दिली आणि २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत तो चक्क पदकांचा खेळ झाला. तेव्हा "दिवसभर मोबाईल घेऊन बसतेस" असं घरी कोणी म्हणालं तर हे वाक्य तोंडपाठ ठेवा. (माझ्या आईवर अजून काही परिणाम झालेला नाही, ती गोष्ट वेगळी.)

जिथे स्पर्धा तिथे पैज आलीच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं आख्खं सूक्त आहे, आणि धर्मराजाचं काय झालं ते तर आपण टीव्हीवर बघितलंय. ब्रिटनसारख्या काही देशांत सरकारी परवाना घेऊन ई-स्पोर्ट्सवर पैजा घेतात. आपल्याकडे तसं नाही, पण कायद्याकडे नंतर येऊ. आधी भाव.

सव्वा, दीड, पावणेदोन

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमचे पाढे "टू टूज आर फोर" या चालीवर, त्यामुळे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी ही मंडळी मला घरी आजोबांकडून भेटली. आणि गंमत म्हणजे पैजेचा भाव हा शुद्ध सवायकी-दिडकीचाच प्रकार आहे! संघाच्या नावापुढे १.२५ लिहिलं असेल तर तो सव्वा. म्हणजे १०० रुपये लावले आणि संघ जिंकला तर मुद्दलासकट १२५ परत, निव्वळ फायदा २५. १.५० म्हणजे दीड, २.५० म्हणजे अडीच. संघ हरला तर सगळे १०० गेले. भाव जितका कमी तितका तो संघ जिंकण्याची शक्यता जास्त धरलेली असते.

किती जास्त? एकाला भावाने भागा. १.६० चा भाव म्हणजे १ भागिले १.६०, म्हणजे ६२.५ टक्के. समोरच्या संघाचा भाव २.२५ असेल तर १ भागिले २.२५, म्हणजे ४४.४ टक्के. आता बेरीज करा बरं. १०६.९ टक्के! दोनच संघ आहेत, एक तर नक्की जिंकणार, मग बेरीज १०० यायला हवी. हे वरचे सात टक्के कुठून आले?

इथेच सगळी मेख आहे. समजा, पैज घेणाऱ्याकडे पहिल्या संघावर लोकांनी मिळून ६,२५० रुपये लावले आणि दुसऱ्यावर ४,४४४. एकूण जमा १०,६९४. पहिला जिंकला तर त्याला १०,००० द्यायचे, दुसरा जिंकला तरी जवळजवळ १०,००० च द्यायचे. म्हणजे कोणीही जिंको, ६९४ रुपये त्याच्या गल्ल्यात राहिले. त्याला खेळातलं ओ की ठो कळायची गरज नाही, फक्त भाव असे ठेवायचे की दोन्हीकडून पैसे येत राहतील. आपल्याला वाटतं आपण संघाशी पैज लावतोय. खरं तर आपण या बेरजेशी पैज लावत असतो.

अगदी बरोबरीचे संघ घ्या. प्रामाणिक भाव दोन-दोन असायला हवा. प्रत्यक्षात १.९० आणि १.९० असा काहीतरी दिसेल. दोन मित्रांनी समोरासमोर १०० लावले, २०० जमले, जिंकणाऱ्याला १९० मिळाले, १० मधल्यामध्ये गेले. म्हणजे दर १०० रुपयांमागे सरासरी ५ रुपयांची कात्री. पाचच रुपये ना? मग हे करून बघा. १,००० रुपये घ्या आणि मिळेल ते पुन्हा पुन्हा लावत राहा. सरासरीने बघितलं तर दहा फेऱ्यांनंतर ५९९ उरतात, वीस फेऱ्यांनंतर ३५८. आणि हल्ली तर मॅचमध्ये प्रत्येक मॅपवर, पहिल्या किलवर, पिस्तुल राउंडवर पैज घेतात. वीस फेऱ्या एका संध्याकाळीच होऊन जातात.

चार मॅचेस एकत्र बांधून "एकदम तेरापट" देणारी योजना याहून भारी! चार वेळा १.९० चा गुणाकार १३.०३ होतो, पण प्रामाणिक भाव सोळा हवा. म्हणजे कात्री पाच टक्क्यांवरून साडेअठरा टक्क्यांवर गेली. आकडा मोठा दिसतो म्हणून आपण खूष, आणि समोरचा तर त्याहून खूष.

मटक्याचा नातू

हे नवीन आहे का? मुळीच नाही. आमच्या किनाऱ्यावरची अनेक घरं एके काळी मुंबईच्या गिरण्यांवर चालायची. माझे आजोबा १९८२ च्या संपापर्यंत साचेखात्यात होते. त्यांना मी १.९० चा भाव समजावला तर ते हसून म्हणाले, "अगं, हा तर आमचा ओपन-क्लोज!"

मटक्याचा इतिहास गमतीदार आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचे आणि उघडताना काय भाव येणार, बंद होताना काय येणार यावर इथे लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव यायचे बंद झाले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत याने वरळीत आपलाच आकडा काढायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा मटका काढला. तीन पत्ते ओढायचे, त्यांची बेरीज करायची, शेवटचा आकडा म्हणजे ओपन. तसंच रात्री क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

आता भाव बघा. एका आकड्याला रुपयाला नऊ आणि जोडीला रुपयाला नव्वद, असा तो रूढ भाव. आकडे किती? शून्य ते नऊ, दहा. दहा गिरणी कामगारांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला, दहा रुपये जमले, नऊ वाटले, एक राहिला. जोड्या शंभर, वाटायचे नव्वद. दहा टक्के कात्री! आजोबांच्या खात्यात कोणी ना कोणी रोज जिंकायचाच, आणि तो जिंकला की सगळ्या चाळीला कळायचं. हरलेले नऊ जण कोणालाच सांगायचे नाहीत. मला वाटतं मटका याच्यावरच चालला, आणि आजच्या ग्रुपवर पडणारे जिंकल्याचे स्क्रीनशॉटही याच्यावरच चालतात.

"पण मला गेम कळतो!"

हा आपल्या वयाचा मुद्दा आहे आणि तो फालतू नाही. मटक्यात डोकं चालवायला काही नव्हतंच. इथे मात्र कोणता संघ कोणत्या मॅपवर कच्चा आहे, नवीन अपडेटमध्ये कोणती गन बदलली, हे आपल्याला खरोखर माहीत असतं. मग कात्रीच्या पुढे जाता येणार नाही का?

गणिताने येतं. १.९० च्या भावात तोटा होऊ नये यासाठी शंभरातले साधारण ५३ अंदाज बरोबर यायला हवेत. ५५ आले तर दर शंभरी साडेचार रुपये फायदा. पण तुम्ही खरंच ५५ वाले आहात हे कळणार कसं? नुसतं नाणं उडवणाऱ्याचे शंभरात किमान ५५ बरोबर येण्याची शक्यता १८ टक्के आहे. म्हणजे वर्गातल्या साठ जणांनी डोळे मिटून शंभर-शंभर अंदाज केले तर दहा-अकरा जण "आपल्याला गेम कळतो" म्हणत कॉलर ताठ करतील! नशीब की अक्कल हे ठरवायला निदान चारशे मॅचेसची नोंद हवी, आणि तेवढी वही मी आजवर कोणाकडे बघितलेली नाही.

दुसरं, आपल्याला जे माहीत आहे ते भाव ठरवणाऱ्यालाही माहीत आहे. आमच्याकडे अलिबाग-मुरुडच्या बाजूला पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती होतात. (२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.) तिथे एखादा जुना शेतकरी नुसती जोडी बघून सांगतो की डावा बैल आज ओढणार नाही. कारण परवा त्याला गोठ्यात बघितलेलं असतं! आपण ज्या संघांवर बोलतो ते कोरियात नाहीतर ब्राझीलमध्ये. कोणाचं मनगट दुखतंय, कोणाचं कोचशी वाजलंय, हे आपल्याला कुठून कळणार? आपण शर्यत टीव्हीवर बघणारे, गोठ्यातले नाही.

आणि टीव्हीवरसुद्धा शिळी बघणारे! संघांना प्रक्षेपण बघून फायदा घेता येऊ नये म्हणून मोठ्या स्पर्धांचं प्रक्षेपण मुद्दाम उशिरा सोडतात. पैज घेणाऱ्या मोठ्या कंपन्या मात्र माहितीचा थेट प्रवाह विकत घेतात. म्हणजे चालू मॅचमध्ये तुम्ही ज्या क्षणाला "आता लावतोच" म्हणता, तो क्षण समोरच्याने आधीच बघून ठेवलेला असतो. त्यात रेंज दोन काड्या असली की बघायलाच नको!

तिसरं, ज्यांना खरंच आधी कळतं ते मैदानातच असतात. ऑगस्ट २०१४ मध्ये आयबायपॉवर हा अमेरिकेतला नावाजलेला काउंटर-स्ट्राइक संघ एका दुबळ्या संघाकडून १६-४ असा हरला. पुढे उघड झालं की मॅच मुद्दाम सोडली होती आणि दुसऱ्यांच्या खात्यांवरून महागड्या स्किन्स लावल्या होत्या. जानेवारी २०१५ मध्ये वाल्व्ह कंपनीने त्या खेळाडूंवर बंदी घातली. त्याआधी २०१० मध्ये कोरियात स्टारक्राफ्टचे नामवंत खेळाडू याच प्रकारात सापडले होते. आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. ते पैजेचं नाही, फसवणुकीचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडियाचा एक खेळाडू नेम लावून देणारं सॉफ्टवेअर वापरताना पकडला गेला आणि आख्खा संघ बाद झाला. अशा मॅचवर तुम्ही लावलेला अंदाज कितीही अभ्यासपूर्ण असो, काय उपयोग?

आणि बीजीएमआयबद्दल तर बोलायलाच नको. सोळा संघ, त्यात झोन कुठे पडेल ते कोणाच्याच हातात नाही. सगळ्यात चांगला संघसुद्धा अनेक मॅचेस हरतो. दिवसभराच्या गुणांवर संघाची परीक्षा होते, एका मॅचवर नाही. पैज मात्र एका मॅचवर लागते.

दुप्पट करत जायचं?

प्रत्येक होस्टेलमध्ये एक हुशार असतो जो सांगतो, "हरलास की दुप्पट लाव, कधीतरी जिंकशीलच." दोनच्या प्रामाणिक भावात हे कागदावर तरी बरोबर आहे. १.९० मध्ये करून बघा. १००, २००, ४००, ८०० अशा चार वेळा हरलात. गेले १,५००. पाचव्यांदा १,६०० लावले आणि जिंकलात! फायदा १,४४०. म्हणजे जिंकूनही ६० रुपयांचा तोटा! इथून पुढे दुप्पट करून जितक्या उशिरा जिंकाल तितका तोटा वाढतो. ती कात्री कुठेच जात नाही.

बोनसचंही तेच. "१,००० रुपये फुकट, फक्त वीस वेळा फिरवा" अशी अट असेल तर २०,००० रुपयांच्या पैजा लावायच्या. पाच टक्क्यांनी १,००० गेले. बोनस आला तसा परत गेला, आणि मधल्या काळात सवय तेवढी लागली.

कायदा काय म्हणतो?

आपल्या राज्यात जुगार प्रतिबंधाचा कायदा १८८७ पासून आहे. त्यात कौशल्याच्या खेळांना सूट होती आणि १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही कौशल्य आणि नशीब यांत फरक केला. या फरकाच्या जोरावर पुढे फँटसी ॲप्स वाढली. पण २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून जास्त पैसे मिळवण्याचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, त्यात बंद केला आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. ग्रुपवर कमिशनसाठी लिंक टाकणाऱ्या मित्रांनी हे दुसरं वाक्य दोनदा वाचावं.

याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून स्वतंत्र जागा दिली. नोंदणी फी चालेल, कामगिरीवर बक्षीस चालेल. पण त्यावर पैज? खेळाडूनेही नाही आणि बघणाऱ्यानेही नाही.

"पण परदेशातली साइट अजून चालते ना?" चालत असेल. पण तिथे जिंकलात आणि पैसे दिले नाहीत तर जाणार कुठे? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार मुळातच निरर्थक आहे, कोर्टात वसूल करता येत नाही. शिवाय अशा साइट्सना पैसे फिरवायला लोकांची बँक खाती लागतात. "तुझं खातं आणि सिम महिनाभर दे, पाच हजार घे," असं कोणी म्हणालं तर ती मदत नव्हे. खातं तुमच्या नावावर, त्यातून फिरलेला पैसा तुमच्या नावावर, पोलीस येतील तेही तुमच्याच दारात. प्लेसमेंटच्या तोंडावर हे कोणाला परवडेल?

मग करायचं काय?

खेळा! संघ काढा, सराव करा, स्पर्धेत उतरा. खेळायचं नसेल तर कॉमेंट्री करा (मराठीत करणारे फार थोडे आहेत, जागा रिकामी आहे), आकडेवारीचा प्रोजेक्ट करा, पंच व्हा. अंदाजाची खुमखुमी असेल तर एक वही घ्या, मॅचच्या आधी अंदाज लिहा आणि चारशे मॅचेसनंतर टक्केवारी काढा. एक रुपया न लावता कळेल की तुम्ही ५५ वाले आहात की नाणं उडवणारे. हरणाऱ्याने वडापाव द्यायचा, एवढं ठेवा हवं तर.

आणि मित्रांपैकी कोणी यात अडकला असेल, परीक्षा फीचे पैसे "दोन दिवसांत देतो" म्हणून मागत असेल, तर त्याला भाषण देऊ नका. या लेखातली बेरीज त्याच्याबरोबर बसून करा. फसवणूक झाली असेल तर सायबर तक्रारीसाठी १९३० आहे, आणि रात्री झोप लागत नसेल इतकं झालं असेल तर टेलिमानसचा १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. घरी सांगायची भीती वाटते हे खरं. पण आपल्या घरचे लोक नारळ-सुपारीच्या बागेवर, पांढऱ्या कांद्याच्या माळांवर, होडीच्या वाट्यावर आपली फी भरतात. एका वर्षी पाऊस कमी-जास्त झाला म्हणून ते तोटा सोसतात, तसा हाही सोसतील. वाढत गेलेला तोटा मात्र कोणालाच सोसवत नाही.

तर मंडळी, यापुढे कोणी हळूच "भाव काय चाललाय?" विचारलं तर लाजायचं कारण नाही. दोन्ही भाव विचारून घ्या, एकाला भागा, बेरीज करा आणि शंभराच्या वर जे उरेल ते कोणाचं, एवढंच त्याला विचारा!